चौतिसाव्या वर्षी एमबीबीएस: आधी थांबायचं कुठे ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: वय ३४. नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात क्वालिटीमध्ये इंजिनिअर, हातात महिना साधारण साठ हजार. बायको शिक्षिका, मुलगी पाच वर्षांची, पाथर्डी फाट्याजवळच्या फ्लॅटचं कर्ज चालू. गेल्या वर्षी वडील आयसीयूत होते, त्यातच गेले. तेव्हापासून डोक्यात एकच: डॉक्टर व्हायचं. बारावी सायन्स, पण बायोलॉजी नव्हतं. वय आडवं येईल का, बायोलॉजीचं काय करायचं, नोकरी कधी सोडायची, आणि एमबीबीएस नाही जमलं तर आयुर्वेदाला जावं का, असे चार प्रश्न तुम्ही विचारलेत.

मी मेडिसिन शिकवते, संध्याकाळी स्वतःची ओपीडी असते. उशिरा आलेले विद्यार्थी वर्गात अधूनमधून भेटतात. काही छान निभावून गेले, काही दुसऱ्या वर्षात घरी परतले. त्यांच्याकडे बघून माझं एक ठाम मत झालंय, आणि ते नियम, परीक्षा, फी या सगळ्याच्या आधी सांगते. उशिरा सुरुवात करणाऱ्यानं पहिलं पाऊल कुठे टाकायचं हे ठरवण्याआधी शेवटचं कुठे टाकायचं ते ठरवावं. अठराव्या वर्षी आलेल्या मुलाला 'पुढचं पुढे बघू' परवडतं, तुम्हाला नाही.

वर्षं मोजून बघा. 'नीट' या प्रवेश परीक्षेची तयारी आणि बायोलॉजी यात किमान दीड वर्ष, म्हणजे प्रवेश पस्तीस-छत्तिसाव्या वर्षी. एमबीबीएस साडेचार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप. सगळं पहिल्या फटक्यात निघालं तर एक्केचाळीस-बेचाळीस. शासकीय कॉलेजात शिकलात तर पुढे वर्षभराची बंधपत्रित सेवा. एमडी करायचं तर नीट पीजीची तयारी आणि तीन वर्षं, म्हणजे सेहेचाळीस-सत्तेचाळीस. त्यापुढे कार्डिऑलॉजी वगैरे करायचं तर आणखी तीन वर्षं, म्हणजे पन्नाशी. तोवर मुलगी कॉलेज संपवत आलेली असेल.

एमबीबीएसवर थांबून फॅमिली डॉक्टर किंवा मेडिकल ऑफिसर व्हायची मनापासून तयारी असेल, तर गणित बसतं. पासष्टीपर्यंत काम केलंत तरी वीसेक वर्षांहून जास्त प्रॅक्टिस हातात राहते, आणि आमच्या धंद्यात अठ्ठावन्नाव्या वर्षी कोणी हार घालून घरी पाठवत नाही. पण डोळ्यांपुढे कॅथलॅबमध्ये अँजिओप्लास्टी करणारा माणूस असेल, तर मी थांबा म्हणेन. पूर्ण व्हायला अजून पंधरा-सोळा वर्षं लागणाऱ्या स्वप्नाचं भाडं घरच्यांनी भरायचं असतं.

आता वय. कायद्यात अडचण नाही. नीटला वय किमान १७ पूर्ण लागतं. वरची मर्यादा राष्ट्रीय वैद्यक आयोगानं काढून टाकली आणि मार्च २०२२ मध्ये ते जाहीर झालं. कितीदा परीक्षा द्यावी यावरही बंधन नाही. ओडिशातले एक निवृत्त बँक अधिकारी २०२० साली चौसष्टाव्या वर्षी एमबीबीएसला दाखल झाले, ती बातमी तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी ना कोणी पाठवलीच असेल. वाचा, आनंद माना, पण त्यावरून स्वतःचा आराखडा काढू नका. निवृत्तीनंतर शिकणाऱ्याला पुढची वीस वर्षं घर चालवायचं नसतं. तुम्हाला आहे.

वय आडवं येतं ते दुसऱ्या ठिकाणी, आणि तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. राज्य शासनाच्या सरळसेवा भरतीत सर्वसाधारण कमाल वय खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. तुम्ही डॉक्टर होऊन बाहेर पडाल बेचाळीसच्या आसपास. तेव्हा 'पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) कायमचा मेडिकल ऑफिसर होईन, सरकारी नोकरी मिळेल' हे मनात असेल तर त्या त्या वेळची जाहिरात वाचल्याशिवाय ते धरून चालू नका. कंत्राटी जागा निघत असतात, पण त्यात पेन्शन नाही आणि दरवर्षी मुदतवाढीची टांगती तलवार. एमबीबीएसचा स्वतःचाही घड्याळाचा काटा आहे: पहिल्या वर्षाची परीक्षा जास्तीत जास्त चार वेळा देता येते आणि प्रवेशापासून नऊ वर्षांत पदवी पूर्ण करावीच लागते.

बायोलॉजीचा रस्ता २०२३ पर्यंत वळणावळणाचा होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगानं सूचना काढली की बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून बायोलॉजी जादा विषय म्हणून पास झालेला विद्यार्थीही पात्र. आपल्या राज्य मंडळात याला 'तुरळक विषय' म्हणतात. एकच विषय घेऊन बारावीला बसायचं, प्रात्यक्षिकांसाठी एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाशी जोडून घ्यायचं. नाशिकला मंडळाचं विभागीय कार्यालयच आहे, तिथे जाऊन समोरासमोर विचारा. क्लासवाल्यांच्या सांगण्यावर फॉर्म भरू नका. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा पर्यायही आहे. पीसीबीत, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीत, मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात. तुमचं जुनं फिजिक्स-केमिस्ट्री चांगलं असेल तर एकट्या बायोलॉजीनं भागेल, पण मार्कशीट कपाटातून काढून खरे आकडे आज बघा. दहावीनंतर डिप्लोमा करून इंजिनिअर झालेले बरेच जण नाशकात आहेत आणि हाच प्रश्न घेऊन येतात. त्यांना आधी बारावीच करावी लागते.

नीटबद्दल फार लिहीत नाही, त्याचं मार्गदर्शन गल्लोगल्ली मिळतं. १८० प्रश्न, ७२० गुण, तीन तास, चुकीला एक गुण वजा. निम्मा पेपर बायोलॉजीचा, पाव फिजिक्स, पाव केमिस्ट्री. पेपर मराठीतही देता येतो, पण पुढचं सगळं शिक्षण इंग्रजीत आहे, तेव्हा तुम्ही इंग्रजीतच द्या. एनसीईआरटीची अकरावी-बारावी बायोलॉजीची पुस्तकं ओळ न ओळ. इंजिनिअर मंडळी फिजिक्सच्या भरवशावर असतात आणि इनऑरगॅनिक केमिस्ट्रीत आपटतात, हे बघत आलेय. एखाद्या रविवारी घरच्यांना सांगून दार लावून घ्या आणि मागच्या वर्षीचा फिजिक्स-केमिस्ट्रीचा भाग घड्याळ लावून सोडवा. जे गुण येतील त्यावरून पुढचं वर्ष कसं जाणार ते कोणत्याही समुपदेशकापेक्षा स्वच्छ कळेल.

पात्र होणं आणि जागा मिळणं यात मात्र गफलत करू नका. २०२५ च्या नीटला २२ लाखांवर मुलं बसली, १२ लाखांहून जास्त 'पात्र' ठरली, आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आत-बाहेर. पात्र झालो म्हणून पेढे वाटणाऱ्या दहांतल्या नवांना जागा नसते. शासकीय कॉलेजांच्या ८५ टक्के जागा राज्य कोट्यातून भरतात आणि १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून. राज्य कोट्यासाठी महाराष्ट्राचं अधिवास आणि दहावी-बारावी इथलीच हवी, ते तुमचं आहे.

नाशिकपुरतं सांगायचं तर आडगावला डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय आहे, घोटीजवळ धामणगावला एसएमबीटी आहे, आणि २०२४ मध्ये राज्यात जी दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली त्यांत नाशिकचंही नाव होतं. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय म्हसरूळला आहे म्हणून नाशिककरांना वेगळी सवलत मिळते असा एक गोड गैरसमज मी अनेकदा ऐकलाय. नाही मिळत. कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) यादीत नंबर लागेल तिथे जायचं, ते गोंदिया असू शकतं आणि सिंधुदुर्गही. मुलीच्या शाळेचा विचार करताना हे आत्ताच धरा. 'नाशिकमध्येच हवं' अशी अट घातलीत तर जागा कमी आणि बहुधा फी जास्त, असा सौदा होतो.

फीच्या बाबतीत शासकीय कॉलेज वर्षाला दीड लाखाच्या आसपास पडतं. खासगीत कॉलेजप्रमाणे फार फरक आहे, शुल्क नियामक प्राधिकरण दरवर्षी ठरवून जाहीर करतं ते बघा. समजा वर्षाला आठ लाख धरले, तर साडेचार वर्षांचे छत्तीस लाख. पण लोक इथेच हिशोब थांबवतात. तुमचा पगार बुडतो तो कोण धरणार? प्रवेशाआधी पूर्ण वेळ तयारीसाठी एक वर्ष नोकरी सोडली आणि पुढे साडेपाच वर्षं शिकलात, तर ७८ महिने. साठ हजारांनी ४६ लाख ८० हजार होतात, त्यात वाढ, बोनस, पीएफ नाही. म्हणजे शासकीय जागा मिळाली तरी हा निर्णय अर्ध्या कोटीचा आहे आणि खासगी मिळाली तर त्याहून बराच वर. इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन मिळतं, त्यात पेट्रोल आणि मेसचा खर्च निघेल.

म्हणून ताईंशी बोलताना 'मला साथ देशील का' असं विचारू नका. त्यावर नवरा-बायकोत एकच उत्तर येतं आणि ते खरं असेलच असं नाही. त्यांच्या पगाराची पावती, कर्जाचा हप्ता, शाळेची फी, आईची औषधं असं कागदावर मांडा आणि महिन्याला किती कमी पडतात ते दोघं मिळून बघा. फ्लॅट भाड्यानं देऊन माहेरी किंवा सासरी राहायचं का, गावाकडची जमीन विकायची का, हे बोलायला अवघड वाटतं, पण नंतर उधारी काढताना बोलण्याहून सोपं असतं. बँक शैक्षणिक कर्ज देताना फेडणार कोण आणि किती वयापर्यंत, हे विचारणारच. पंधरा वर्षांची फेड धरली तर तुम्ही पन्नाशीच्या पुढे असाल.

एक गोष्ट नोकरी सोडायच्या आधी करा. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो. चालू पगाराच्या आधारावर स्वतःचा टर्म इन्शुरन्स आणि घरच्यांचा मेडिक्लेम आधी घेऊन ठेवा. उत्पन्न नसलेल्या माणसाला मोठ्या रकमेचा टर्म मिळणं कठीण. वडिलांच्या आयसीयूचं बिल तुम्ही बघितलंय, त्यामुळे याचं महत्त्व वेगळं सांगत नाही.

वडिलांबद्दल तुम्ही लिहिलंय, त्याला उत्तर द्यायला हवं. इतके दिवस आयसीयूत, आणि कोणी नीट सांगितलं नाही काय चाललंय. म्हणून 'मी असा डॉक्टर होईन जो सांगेल.' हे कारण खोटं नाही. पण आमच्याकडच्या आयसीयूत रात्री जो पंचविशीतला रेसिडेंट (एमडी शिकत असलेला डॉक्टर) असतो, त्यालाही सांगायचं असतं. त्याच्याकडे पेशंटांची रांग असते, दोन व्हेंटिलेटर वाजत असतात, कॅज्युअल्टीतून फोन असतो आणि सकाळच्या राउंडला सगळे रिपोर्ट तोंडपाठ हवे असतात. तुम्ही त्याच्या जागी उभे राहाल तेव्हा बाहेर बाकड्यावर बसलेल्या मुलाशी दहा मिनिटं बोलणं तुम्हालाही सहज जमेल असं नाही. दुःखाच्या पोटी घेतलेल्या निर्णयाला मी नेहमी एक वर्ष द्या म्हणते. वर्षश्राद्ध होऊन गेल्यावरही तीच ओढ तितकीच असेल, तर ती कामाची ओढ समजायची.

या वर्षात एक करा. तुमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारा, त्यांची आणि पेशंटांची हरकत नसेल तर काही संध्याकाळी कोपऱ्यात बसू द्या म्हणावं. तुमच्या मनात आयसीयू आहे, तर साधी ओपीडी बघा. सर्दी, शुगर, बीपी, पाठदुखी, शाळेसाठी मेडिकल सर्टिफिकेट, 'डॉक्टर, सलाईन लावा ना, लवकर बरं वाटेल' म्हणून अडून बसलेला माणूस, फी द्यायच्या वेळी 'पुढच्या वेळी देतो' म्हणणारा. ज्याला तिसऱ्या दिवशी यातही मजा वाटते, पेशंट बाहेर गेल्यावर ज्याच्या डोक्यात 'याची शुगर उतरत का नाही' हे फिरत राहतं, त्यानं या वाटेला यावं. ज्याला हे कंटाळवाणं वाटतं त्यानं दुसरी वाट बघावी, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आत गेल्यावर कसं असतं? पहिलं वर्ष अ‍ॅनॉटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. पाठांतर भयंकर. तुमच्या शेजारी बसलेली मुलगी सतरा-अठराची असेल, ती तीनदा वाचून ब्रॅकियल प्लेक्सस, म्हणजे हाताच्या नसांचं जाळं, काढून दाखवेल आणि तुम्हाला आठव्यांदाही एक फाटा आठवणार नाही. मोठ्या वयात समजून घेण्याची ताकद शाबूत असते, नुसत्या याद्या मात्र हातातून निसटतात. यावर माझ्याजवळ एकच उपाय आहे: रोज थोडं, थोड्या-थोड्या दिवसांनी पुन्हा, आणि वाचण्यापेक्षा कोऱ्या कागदावर काढून बघणं. एका रात्रीत जर्नल उपसणं हे लहानांचं सामर्थ्य आहे, तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. लेक्चरला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी लागते, तेव्हा 'नोकरी सांभाळून एमबीबीएस' हा विचार मनातून पार काढून टाका. तयारीपर्यंत नोकरी चालू शकते, प्रवेशानंतर नाही.

वॉर्डात आल्यावर पारडं फिरतं. आमच्याकडे पूर्वी बँकेत काम केलेला एक विद्यार्थी होता. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, तो घामाघूम व्हायचा. एकदा पेठ तालुक्यातले एक बाबा धाप लागते म्हणून दाखल झाले. रेसिडेंटनं विचारलं कधीपासून, बाबा म्हणाले कालपासून. केसपेपरवर तसंच लिहिलं गेलं. हा दुपारी त्यांच्या कॉटवर टेकला आणि शेतीचं विचारू लागला. भाताची कापणी कोणी केली? 'पोरानं. मी बांधावर बसून होतो.' का? 'चढाला दम लागायचा.' झोपता कुठे? 'ओट्यावर. पोत्याला टेकून.' आडवे का होत नाही? 'आडवं झालं की जीव घाबरतो.' कालपासूनची धाप दोन-तीन महिने जुनी निघाली. उताणं झोपता न येणं, चढावर दम, पायांवर सूज. हृदय कमजोर झाल्याची इतकी सरळ हिस्ट्री कुठल्याच यंत्रातून निघाली नसती. त्या पोरसवदा रेसिडेंटला पोत्याचा प्रश्न सुचला नसता. कर्जदारांशी बोलून बोलून यानं ऐकायला शिकून घेतलं होतं.

त्याच विद्यार्थ्याला इंटर्नशिपमध्ये त्याच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान रेसिडेंट सगळ्यांसमोर ओरडली होती, 'सॅम्पल अजून लॅबला गेलं नाही? तुम्ही इथे काय करताय?' इंटर्नचं काम तेच असतं. रक्त काढा, कॅथेटर टाका, ड्रेसिंग करा, ब्लड बँकेत पळा, समरी लिहा. आज तुमच्या हाताखाली चार-पाच माणसं असतील, शॉपफ्लोअरवर तुम्ही सर असाल. तिथून उठून वॉर्डातल्या मामांना 'ट्रॉली देता का' म्हणून विनवायचं आहे. शिक्षण सोडून गेलेल्यांपैकी अभ्यासानं हरलेले मला कमी दिसले. मान आडवा आला आणि घरचा पैसा संपला, ही दोन कारणं जास्त.

आता तुमच्यासाठी खास एक गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही. तुम्ही कारखान्यातली माणसं ओळखता. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांना कायद्यानं आरोग्य केंद्र आणि डॉक्टर ठेवावा लागतो, आणि त्या डॉक्टरला औद्योगिक आरोग्याचं प्रशिक्षण लागतं. एमबीबीएसनंतर त्यासाठी एएफआयएच नावाचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम आहे, मुंबईच्या केंद्रीय श्रम संस्थेतही तो चालतो. अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे एवढा पट्टा तुमच्या पायाखालचा आहे. ग्राइंडिंगवरच्या माणसाला खोकला झाला तर कुठली धूळ, प्रेसशॉपमधल्याला ऐकू कमी का येतं, थिनरच्या वासानं डोकं दुखणारी मुलगी कोणत्या लाइनवर आहे, नाईट शिफ्टवाल्याची शुगर का हलते, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं. तुम्ही दहा वर्षं त्यात उभे आहात. सकाळी एक-दोन कंपन्या आणि संध्याकाळी सिडकोत दवाखाना, असं काम करणाऱ्या डॉक्टरचं आयुष्य सुखाचं असतं, आणि त्यासाठी एमडी लागत नाही. मी तुमच्या जागी असते तर थांबायचं ठिकाण हेच ठरवलं असतं.

फॅमिली मेडिसिनमध्ये डीएनबी (एमडीच्या तोडीची पदवी) करता येतं, ती हौस असेल तर नंतर बघा. दवाखाना उघडण्याआधी मात्र वर्ष-दोन वर्षं चांगल्या हॉस्पिटलात आरएमओ (निवासी डॉक्टर) म्हणून रात्रपाळ्या काढा. नवा एमबीबीएस एकट्यानं दवाखान्यात बसला की प्रत्येक छातीदुखीला एकतर घाबरतो किंवा घाबरायचं विसरतो.

आयुर्वेदाचं विचारलंत. बीएएमएसही इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षंच आहे, नीटही लागतेच, कटऑफ खाली असतो एवढंच. नाशकात पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय जुनं आणि नावाजलेलं आहे. आयुर्वेद शिकायचाय म्हणून जाणार असाल तर जरूर जा. पण 'बीएएमएस करून पुढे अ‍ॅलोपॅथीच करू' या हिशेबानं जाऊ नका. कोणत्या पॅथीनं काय लिहावं, होमिओपॅथना आधुनिक औषधशास्त्राचा कोर्स करून काय मुभा मिळावी, यावर राज्यात वर्षानुवर्षं वाद चालू आहे. साडेपाच वर्षं घालवून दुसऱ्यांच्या कोर्टकचेरीवर आपली प्रॅक्टिस टांगून ठेवण्यात अर्थ नाही.

परदेशातल्या एमबीबीएसची जाहिरातही तुम्हाला आलीच असेल, गंगापूर रोडवर त्यांचे फलक आहेत. त्यालाही नीट पात्रता लागते, शिक्षण किमान ५४ महिन्यांचं हवं, तिथली इंटर्नशिप, मग इथली परीक्षा, मग इथली इंटर्नशिप. त्या इथल्या परीक्षेत ३०० पैकी १५० लागतात आणि बसणाऱ्यांपैकी बहुतेक नापास होतात. विशीतल्या मुलाला तीनदा बसणं परवडतं. संसारी माणसाला मी हा रस्ता सांगणार नाही. आणि 'मॅनेजमेंटमधून सीट करून देतो, आधी टोकन द्या' म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका. खासगी कॉलेजातल्या संस्थास्तरीय जागाही नीटच्या गुणवत्तेवरच भरल्या जातात.

एमबीबीएस नकोच असं ठरलं, तरी दवाखान्याचं दार बंद होत नाही. क्वालिटीतला माणूस हॉस्पिटलच्या एनएबीएच या गुणवत्ता मानांकनाच्या कामात पाण्यातल्या माशासारखा रमतो. चुकीचं औषध कुठल्या टप्प्यावर दिलं गेलं, संसर्ग कुठून शिरला, पेशंटला ऑपरेशनआधी कोणी काय समजावलं याची नोंद आहे का, हे सगळं तुमच्या रोजच्या कामाचंच भावंड आहे. नातेवाइकांना कोणी काही सांगत नाही, ही तुमची मूळ तक्रार सोडवण्याची ताकद अशा माणसाच्या हातात एका इंटर्नपेक्षा कितीतरी जास्त असते. सार्वजनिक आरोग्यातल्या एमपीएचला एमबीबीएस लागत नाही. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांना क्वालिटीची माणसं हवीच असतात. बीएस्सी नर्सिंगची वरची वयोमर्यादा ३५ आहे, म्हणजे ते मनात असेल तर तुमच्याकडे जेमतेम एक संधी उरते.

ठरलंच असेल तर या महिन्यात कागद गोळा करा, कारण दर वर्षी चांगले गुण असूनही कागदापायी कोणी ना कोणी फेरीतून बाहेर पडतं. दहावी-बारावीची मूळ मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, राखीव प्रवर्गातले असाल तर जातवैधता आणि लागू असेल तिथे मुदत चालू असलेलं नॉन-क्रीमीलेअर. तुमच्या पिढीतल्या अनेकांनी इंजिनिअरिंगच्या वेळी जातवैधता काढली पण मूळ प्रत कॉलेजात राहून गेली, तसं असेल तर आधी ती सोडवून आणा. बारावीनंतरच्या इतक्या वर्षांच्या खंडाचं प्रतिज्ञापत्र लागेल, त्यात इंजिनिअरिंग आणि नोकरीची वर्षं खरी खरी लिहा, लपवू नका. फी सवलतीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि त्यात ताईंचा पगार धरला जाईल हे ध्यानात ठेवून सवलतीचा हिशोब करा. दाखल्यांचं सेतूत महिनाभर आधी टाका, निकालानंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते.